मास्कमध्ये पाणी शिरतं, काय करू?

प्रश्न : मालवणला स्नॉर्केलिंग करताना भाड्याच्या मास्कमध्ये सारखं पाणी शिरत होतं. पट्टा करकचून आवळला तरी थांबेना. आता स्वतःचाच घ्यायचाय. कसा निवडू?

उत्तर : पट्टा आवळलात तिथेच बिघडलं. जास्त ताणला की सिलिकॉनची कड दुमडते आणि तिथूनच पाणी आत येतं. दुकानात केस मागे सारा, पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढून धरा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमचा. किंमत नंतर बघा. स्नॉर्कल, म्हणजे श्वास घ्यायची नळी, तोंडात धरून हेच पुन्हा करा, कारण त्याने गालांची ठेवण बदलते. मिशा आहेत का? मग नाकाखालची बारीकशी पट्टी भादरून घ्या, दाट केसांतून पाणी झिरपणारच.