पहिल्या गिगबद्दल लिहायचंय?

पुण्यात कोरेगाव पार्कातल्या हाय स्पिरिट्स क्लबात पहिला गिग, म्हणजे बँडचा लाइव्ह कार्यक्रम, ऐकलास आणि त्यावर लिहावंसं वाटतंय, हे फार छान. नक्की लिही. सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- स्टेजला खेटून उभं राहू नकोस. तिथे ड्रम आणि गिटारचे अँप (गिटारचा आवाज मोठा करणारे स्पीकरचे खोके) थेट अंगावर येतात, पण गायकाचा आवाज ज्या स्पीकरमधून येतो, ते मागच्या गर्दीकडे रोखलेले असतात. साउंड इंजिनिअरच्या कन्सोलजवळ, म्हणजे सगळे आवाज जुळवायच्या टेबलाजवळ, थांब. तो जे ऐकून मिक्स करतो, तेच तुलाही ऐकू येईल. मी एकदा एका गायिकेचा आवाज दबका आहे असं लिहिलं; दोष माझ्या कोपऱ्याचा होता. त्याची खंत अजून आहे.
- इअरप्लग लाव. छोट्या क्लबात आवाज सहज १०० डेसिबलपर्यंत जातो.
- मुख्य बँडच्या आधी वाजवणारा ओपनिंग बँड चुकवू नकोस.

नवीन मंडळी बहुतेक वेळा गाण्यांची यादी देतात आणि 'जबरदस्त' म्हणून थांबतात. त्यापेक्षा एकच क्षण पकड: कुठल्या गाण्याला बडबड थांबली, बेस गिटारचा आवाज कुठे एकटा उरला. फोनवर दोन ओळी टिपून तो खिशात टाक, आणि त्याच रात्री लिही. गिटारचे पेडल, ट्यूनिंग वगैरे तांत्रिक गोष्टी नंतर बघू.