‘डी’ वाढलं की खाज जाईल का?

परळच्या एका दवाखान्यात ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांशी बोलणं हे माझं काम. लालबागच्या एक ताई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) पाच वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट घेऊन आल्या. कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीत एक्झिमा (खाज सुटणारे कोरडे, लालसर चट्टे), रात्रभर खाजवणं, सकाळी शिंका. रक्तातलं व्हिटॅमिन डी १४ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर). "मॅडम, हे कमी म्हणूनच झालंय ना सगळं? डोस दिला की जाईल?"

हा प्रश्न मला सारखा येतो. एक्झिमाच्या मुलांमध्ये डी बरेचदा कमी सापडतं, हे खरं. पण त्यामुळे एक्झिमा झाला, की खाजेपायी मूल घरात बसलं म्हणून डी घटलं, हे रिपोर्ट सांगत नाही. मंगोलियात थंडीत बळावणाऱ्या एक्झिमाच्या १०७ मुलांवरचा अभ्यास २०१४ मध्ये आला. महिनाभर रोज १००० युनिट घेतलेल्यांना जास्त आराम पडला. इतर अभ्यासांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत, आणि तिथल्या हिवाळ्याचा आपल्या घामट मुंबईशी मेळ तो काय! रक्तातलं डी १२ ते २० म्हणजे अपुरं. ते भरून काढायचंच, पण मुख्यतः हाडांसाठी.

मग घरातलं विचारलं. शेजारणीच्या सांगण्यावरून दूध, अंडी, मासे बंद. ॲलर्जीची चाचणी झालेलीच नाही. घामाने खाज सुटते म्हणून खाली खेळणं बंद. "खिडकीतून ऊन येतं ना," त्या म्हणाल्या. पण डी तयार करणारे किरण बंद काचेतून येत नाहीत.

तेवढ्यात पर्समधून सासूबाईंचं ६०,००० युनिटचं सॅशे निघालं. "रोज अर्धं देऊ?" मी ते बाजूलाच ठेवायला लावलं. या वयाच्या मुलाची रोजची गरज ६०० युनिट, म्हणजे एका सॅशेत १०० दिवसांचा वाटा. रोज दिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, मूत्रपिंडांना इजा. डोस डॉक्टरच ठरवतील.

खरी अडचण वेगळीच होती. कित्येक महिने झाले तरी एक्झिमासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मलमाची ट्यूब जवळपास भरलेली. "स्टेरॉइड आहे ना, भीती वाटते हो." यावर मी सगळ्यात जास्त वेळ दिला. भीतीपोटी टिकलीएवढं लावायचं, खाज शमत नाही, मूल ओरबाडतं, आणि मग उलट जास्त औषध लागतं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेरावर मावेल इतकं मलम मोठ्या माणसाच्याच दोन तळव्यांएवढ्या (बोटांसकट) त्वचेला पुरतं, हे त्यांच्याच बोटावर काढून दाखवलं. किती दिवस लावायचं ते डॉक्टरांनी लिहिलं होतंच. आंघोळीनंतर अंग टिपून लगेच मॉइश्चरायझर, तेही हात राखून नाही.

पुढच्या भेटीत डी २६ होतं आणि मुलगा रात्री झोपू लागला होता. सासूबाईंनी श्रेय डॉक्टरांनी दिलेल्या डीच्या थेंबांना दिलं. मी वाद घातला नाही. पावसाळ्यात पुन्हा थोडं उठलं तेव्हा ताईंनी स्वतःच मलम सुरू केलं आणि फोनवर एवढंच विचारलं, "बांगडा देऊन बघू का?" आधी चाचणी, म्हटलं, आणि ॲलर्जीच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली.