विश्वस्त कुणाला नेमावं? सुरक्षा संस्थांच्या प्रश्नांना उत्तरं

गावात चोऱ्या वाढल्या की आधी रात्रीची गस्त सुरू होते. चार महिन्यांनी कुणीतरी म्हणतं, "आपण ट्रस्टच करून टाकू." मग मला पत्रं येतात. एकाच गोंधळाची इतकी पत्रं साचली की या वेळी सगळी एकत्र घेतली आहेत.

आमच्याकडं विहिरीवरच्या मोटारी, स्टार्टर, केबल चोरीला जायलेत. पोरांची गस्त चालू आहे. त्यासाठी ट्रस्ट करावाच लागतो का? – शेतकरी, वसमत

नाही. ग्रामसुरक्षा दल पोलीस ठाण्याच्या देखरेखीखाली चालतं, त्याला धर्मादाय नोंदणी लागत नाही. देणग्या घ्यायच्या असतील, कॅमेरे किंवा गाडी संस्थेच्या नावावर करायची असेल, तरच पुढचं वाचा.

संस्था नोंदवायला सात जण लागतात म्हणे. मी, मंडळी, दोन भाऊ, मेव्हणा असे पाच घरातलेच आहेत. चालेल ना? – दुकानदार, सेलू

१८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात लागतात, हे बरोबर. घरातलेच घेऊन आकडा भरता येईल, पण संस्था उभी राहणार नाही. घरातला माणूस घरातल्या माणसाला हिशेब विचारत नाही. आणि उद्या संस्थेचे कॅमेरे मेव्हण्याच्याच दुकानातून घेतले, तर आयकराची सवलत धोक्यात येऊ शकते. नोंदणीआधी मसुदा सीएंना दाखवा.

बाहेरची चांगली माणसं विश्वस्त व्हायला तयारच नाहीत. कुठं शोधावीत? – निवृत्त मुख्याध्यापक, परतूर

तुम्ही त्यांना काय विचारता? "सर, तुमचं फक्त नाव पाहिजे." शहाणा माणूस याला नाहीच म्हणणार. नाव मागू नका, काम मागा. एका कागदावर लिहा: वर्षात सभा किती, कुठं, सही कशाकशावर लागेल, मुदत किती वर्षांची, प्रवासखर्च मिळेल की नाही. तो कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, तालुक्याच्या वकील संघात द्या, बँकेतून निवृत्त झालेल्यांना द्या, बचत गटांच्या बैठकीत वाचून दाखवा. बचत गटाचं रजिस्टर दहा वर्षं सांभाळलेली बाई तुमच्या गावात नक्की आहे. सत्कारात पहिल्या रांगेत बसणाऱ्या पुढाऱ्यापेक्षा तिचा उपयोग जास्त.

माणूस सापडला की लगेच विश्वस्त करू नका. सहा महिने, वर्षभर साधा सदस्य म्हणून काम करू द्या. सभेत मागच्या वर्षीचा हिशेब त्याच्या हातात द्या आणि तो उघडून बघतो का, ते बघा. न बघता परत देणारा सज्जन असेल, पण विश्वस्त म्हणून कामाचा नाही.

आमच्या बीटचे जमादार फार चांगले आहेत. त्यांनाच अध्यक्ष करायचं ठरलंय. – गस्त पथक, कळंब

करू नका. सेवेत असलेल्या माणसाला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. त्याच्याच हद्दीत त्यानं संस्था चालवणं, तिच्यासाठी देणगी घेणं हे त्यालाही अडचणीत आणेल आणि तुम्हालाही. निमंत्रित म्हणून सभेला बोलवा. निवृत्त फौजदार जरूर घ्या. मात्र संस्था म्हणजे ठाणं नाही, हे त्यांना पहिल्याच सभेत सांगा.

एका 'क्राइम' नावाच्या संघटनेचा फोन आला. अकरा हजार भरले की तालुका विश्वस्त, ओळखपत्र आणि गाडीला लावायला बोर्ड. घ्यावं का? – तरुण, अंबाजोगाई

फोन ठेवा. विश्वस्तपद विकत मिळत नाही आणि 'तालुका विश्वस्त' असं पद कुठल्या कायद्यात नाही. ते ओळखपत्र दाखवून तुम्ही टोलवर किंवा पानटपरीवर रुबाब केलात, तर भारतीय न्याय संहितेची कलमं २०४ आणि २०५ वाचून ठेवा. सरकारी नोकर असल्याचं भासवणं आणि फसवण्याच्या हेतूनं तसा गणवेश किंवा चिन्ह वापरणं, दोन्ही गुन्हे आहेत. 'ऐंशी-जीसकट (म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत देणाऱ्या मान्यतेसकट) तयार ट्रस्ट विकणे आहे' असे निरोपही याच पंथातले. मागच्या मालकाची न भरलेली विवरणपत्रं तुमच्या गळ्यात येतात, एवढंच.

जाता जाता: गस्तीत कुणाला पकडलं तर मारायचा अधिकार कुणालाच नाही. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला, किंवा कोर्टानं फरार घोषित केलेल्यालाच सामान्य माणसाला धरता येतं, आणि त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. एवढं ११२ वर फोन लावून होतं.

आरक्षणाच्या आंदोलनात माझ्यावर गुन्हा दाखल आहे. मी विश्वस्त होऊ शकतो का? – सदस्य, अंबड

गुन्हा दाखल होणं आणि सिद्ध होणं यात फरक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-ड खाली विश्वस्ताला काढण्याचं एक कारण म्हणजे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा होणं. नुसती नोंद म्हणजे शिक्षा नव्हे. पण ही गोष्ट सभेत आधीच सांगा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. संस्थेनंही सगळ्यांचीच चारित्र्य पडताळणी मागावी, एकट्या तुमची नको. प्रकरणाची कागदपत्रं वकिलाला दाखवल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका.

तीन वर्षांपूर्वी सर्वसाधारण सभेत आम्ही पाच नवे विश्वस्त निवडले. ठराव झाला, पेपरात फोटो आला. आता जुने कोषाध्यक्ष वारले आणि बँक म्हणते, तुमची नावं आमच्याकडं नाहीत. कॅमेऱ्यांसाठी आलेले पैसे खात्यात अडकलेत. – सचिव, उदगीर

हाच तो प्रश्न. दर आठवड्याला येतो, फक्त तालुका बदलतो.

सभेनं तुम्हाला निवडलं, हे खरं. पण धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत, म्हणजे परिशिष्ट एकवर, अजून जुनीच मंडळी आहेत. त्यातले एक तर आता हयातही नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम २२ सांगतं की नोंदीत बदल झाला की ९० दिवसांत तो कळवायचा. कोर्टात सगळे त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. निवड हा बदल आहे, राजीनामा हा बदल आहे, मृत्यूही बदल आहे. नवीन जागा घेतली तर तोही बदल. पेपरातला फोटो हा चेंज रिपोर्ट नव्हे.

नोंद नाही म्हणून तुमची निवड आपोआप रद्द होत नाही. पण बँक परिशिष्ट एकची सत्यप्रत मागते, सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, पैसा देणारी कंपनी तीच मागते, संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी दर्पण पोर्टलवरची माहितीही तिच्याशी जुळावी लागते. कागद जुळेना की सगळं थांबतं. खरं संकट त्यानंतर येतं. एखादा रुसलेला जुना विश्वस्त उठतो, आपली वेगळी सभा दाखवतो आणि स्वतःचा चेंज रिपोर्ट टाकतो. मग एकाच संस्थेचे दोन गट, दोन अर्ज, हरकती, साक्षी आणि वर्षानुवर्षं तारखा. तोवर कॅमेऱ्यांची वॉरंटी संपलेली असते. ९० दिवसांत अर्ज गेला असता तर त्या माणसाला भांडायला फारशी जागाच उरली नसती.

आता करायचं काय? सभेची नोटीस, ती सगळ्या सदस्यांना पोचल्याचा पुरावा, हजेरीपट, ठरावाची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, कोषाध्यक्षांचा मृत्यूचा दाखला हे सगळं गोळा करा. विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा. पुरेसं कारण पटलं तर मुदत वाढवून मिळते, खर्च भरावा लागतो. "सचिव नवीन होते" हे कारण तीन वर्षांना पुरणार नाही. आणि तुम्हाला कार्यालयाबाहेर एखादा माणूस भेटेल, मागची तारीख टाकून इतिवृत्त बनवून देतो म्हणेल. त्याला हात जोडा. तो बनावट दस्तऐवज होतो आणि सही तुमची असते, त्याची नाही. उद्याच, धर्मादाय प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाकडे जा.

आमचे निम्मे लोक दसऱ्यानंतर उचल घेऊन कारखान्यावर जातात. त्यांना विश्वस्त केलं तर सभाच होणार नाही, असं बाकीचे म्हणायलेत. – ऊसतोड मजूर, वडवणी

घरं कुलूपबंद राहतात ती तुमची. म्हातारी माणसं मागं राहतात ती तुमची. मग विश्वस्त गावात उरलेल्यांनीच का व्हावं? मोठ्या सभा दसऱ्याआधी आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, ठेवा. हंगामात फक्त नेहमीच्या कामाची बैठक घ्या आणि गणपूर्ती संस्थेच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, त्या हिशेबानं लिहा. घटनेत आज वेगळं असेल तर दुरुस्ती लागेल, तिचा मसुदा वकिलाकडून करून घ्या.

गावाबाहेर पारधी वस्ती आहे. त्यातलं कुणी मंडळात घ्यावं, असं एका मॅडमचं मत पडलं आणि सभा मोडली. तुम्ही काय म्हणता? – सदस्य, जिल्हा धाराशिव

मॅडमचं बरोबर आहे. जन्मावरून जमातींना गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा १८७१ चा कायदा १९५२ साली संपला. तुमच्या सभेत तो अजून चालू दिसतो. चोरी झाली की पहिली झडती त्या वस्तीची, आणि वस्तीतल्या माणसाची शेळी गेली तर तक्रारसुद्धा घेतली जात नाही. अशा संस्थेला गुन्हे प्रतिबंधक म्हणू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. अफवा मोबाइलवरून आली होती. मंडळात त्या समाजाचा एक जरी माणूस असेल, तरी अशी अफवा सभेत येताक्षणी तिला उत्तर मिळतं. आणि एकच घेऊ नका, दोन घ्या. एकट्याला गप्प बसवणं सोपं असतं.

घटनेत लिहिलंय की संस्थापक सातही जण तहहयात विश्वस्त. नवीन माणूस घ्यायचा कसा? – सदस्य, मुखेड

विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या २०२५ च्या सुधारणेनं तहहयात विश्वस्तांची संख्या एकूण विश्वस्तांच्या एक चतुर्थांशावर आणली आहे. तुमच्या घटनेला ती नेमकी कशी लागू होते, ते घटना हातात घेऊनच सांगता येईल. घेऊन या.

विश्वस्त झालं की संस्थेच्या कर्जापायी घरावर जप्ती येते, असं एकानं सांगितलं. – गृहिणी, जालना

त्या एकाला विचारा, कुठल्या कलमाखाली. नीट वागणाऱ्या विश्वस्ताच्या घरावर संस्थेचं कर्ज आपोआप येत नाही. पैसा खाल्ला, किंवा डोळे मिटून खाऊ दिला, तर भरपाई करावी लागू शकते आणि भारतीय न्याय संहितेतलं विश्वासघाताचं कलम ३१६ आहेच. कोऱ्या चेकवर सही करू नका.

विश्वस्तांना मानधन देता येतं का?

घटनेत तरतूद असेल तर आणि वाजवी असेल तर. आधी सीएंना विचारा.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मदत केली तर विश्वस्तांच्या ग्रुपवर माहिती टाकावी का?

पीडितेचं नाव, गाव, शाळा, फोटो, काहीही नाही. ओळख उघड करणं गुन्हा आहे. ग्रुप विश्वस्तांचाच आहे ही सबब चालत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेला राजीनामा चालतो का? – विश्वस्त, औसा

त्यावर विसंबू नका. सहीचा कागद द्या, पोच घ्या, आणि तुमच्या राजीनाम्याचा चेंज रिपोर्ट ९० दिवसांत गेला का, ते स्वतः जाऊन विचारा.