लांब शब्द शोधण्याआधी डिक्शनरी कुठली ते विचारा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसले. लेक आठवीत, शाळाशाळांमधल्या शब्दस्पर्धेची तयारी चाललीय आणि 'चिठ्ठीत निघालेली तीन अक्षरं ज्यात आहेत असा सगळ्यात लांब इंग्रजी शब्द लिहा' या फेरीत ती अडते. चांगलं ॲप कुठलं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मुलाच्या वेळी आम्ही यातून गेलोय. ॲपचं शेवटी सांगते, आधी दुसरंच सांगायचंय, कारण आमचं खरं नुकसान तिथे झालं.

स्पर्धेत कुठली डिक्शनरी प्रमाण धरणार, हे आयोजकांकडून लेखी घ्या. आजच घ्या.

आम्ही विचारलं होतं. फोनवर उत्तर मिळालं, "कुठलीही चांगली डिक्शनरी चालेल हो, काळजी करू नका." मेलला उत्तरच नाही. फायनलला अक्षरं निघाली क्यू, झेड आणि आर. मुलानं 'ट्रँक्विलायझर' लिहिला, दोन एल आणि झेड घालून, 13 अक्षरी. परीक्षकांच्या टेबलावर दप्तरात मावेल एवढी डिक्शनरी, आणि तीत हा शब्द झेडऐवजी एसनं छापलेला. शब्द बाद. मी मोठ्या डिक्शनरीतली नोंद दाखवली तर म्हणाले, "टेबलावरची अंतिम." मग हे फोनवर सांगायला काय हरकत होती? शब्द चुकीचा असता तर मी चकार शब्द काढला नसता. पोर महिनोन्महिने घासतं आणि तुम्हाला एका ओळीचं उत्तर लिहवत नाही, याचा राग अजून जात नाही. नंतर पत्र पाठवलं, त्यालाही उत्तर आलं नाही.

म्हणून डिक्शनरीचं नाव आणि आवृत्ती तर विचाराच, शिवाय हेही विचारा: अनेकवचनं आणि क्रियापदांची रूपं चालतात का, अमेरिकन स्पेलिंग चालतं का, विशेषनामं चालतात का. क्यू आणि झेड एकत्र आले की मुलं हमखास 'मोझांबिक' लिहितात. अक्षरं बरोबर बसतात, पण ते देशाचं नाव. तुमच्या स्पर्धेचे नियम वेगळे असू शकतील, मी आमच्या अनुभवावरून बोलतेय.

झेड आणि एसचं जरा सविस्तर सांगते. ऑक्सफर्डच्या डिक्शनऱ्या 'ऑर्गनाइझ', 'रिअलाइझ' अशा शब्दांना आधी झेडचं स्पेलिंग देतात. ब्रिटिश वर्तमानपत्रं बहुतेक एस वापरतात आणि अमेरिकेत झेडच चालतो. आपली मुलं शाळेत बहुधा एस शिकतात, त्यामुळे चिठ्ठीत झेड निघाला की त्यांना काही सुचतच नाही. 'इक्वलायझेशन' झेडनं लिहून बघा: 12 अक्षरं, क्यू आणि झेड दोन्ही आले, वर पाचही स्वर. एक्स आणि झेड आले तर 'मॅक्सिमायझेशन', तोही 12 अक्षरी. मात्र 'ॲडव्हर्टाइज', 'एक्सरसाइज', 'सुपरवाइज' यांत एसच हवा, तिथे झेड घातला की शब्द गेला. आणि अमेरिकन 'ट्रँक्विलायझर'मध्ये एल एकच असतो, म्हणजे एक अक्षर कमी.

आता पाठांतर. क्लासवाले 'शंभर लांब शब्द' अशी झेरॉक्स देतात, ती माझ्या मते बाजूला ठेवा. तिच्यात पहिला शब्द बहुतेक वेळा तो फुप्फुसाच्या आजाराचा, 45 अक्षरांचा. 1935 च्या सुमारास अमेरिकेतल्या कोडेप्रेमींनी तो मुद्दाम लांब घडवला. तो पाठ करून चिठ्ठीतल्या जे-के-डब्ल्यूला काय उपयोग? शब्द अक्षरांवरून आठवता आला पाहिजे, आणि त्यासाठी अक्षराचं कूळ ओळखता आलं पाहिजे.

म्हणजे असं. जे शब्दाच्या मधे आला तर तो बऱ्याचदा ॲड, कॉन, इन, ऑब, सब या लॅटिन उपसर्गांच्या पाठोपाठ येतो. 'ऑब्जेक्शनेबल' 13 अक्षरी आहे, शिवाय 'सब्जेक्टिव्हिटी', 'ॲडजर्नमेंट', 'इंज्युडिशस' आहेत. पी, एच, वाय एकत्र आले की ग्रीककडे वळायचं: फोटो, ग्राफ, फिजिओ, हायड्रो, सायको. 'फिजिओथेरपी' सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण 13 अक्षरांचा म्हणून कुणाला आठवत नाही! के आणि डब्ल्यू हे बहुतेक अस्सल इंग्रजी मुळाचे, त्यांना 'शन' सहसा लागत नाही. तिथे 'नेस', 'शिप', 'लेस' जोडून बघायचं: 'ऑकवर्डनेस', 'वर्कमनशिप'. 'नॉलेजेबल' मात्र 'एबल' लावून थेट 13 वर जातो. कमी वापरातलं अक्षर आधी धरायचं, त्याचा छोटा शब्द शोधायचा, मग मागेपुढे वाढवत न्यायचं. दोन मिनिटांत हे बसतं, फक्त रोज करायला हवं.

इथे परत डिक्शनरी आडवी येते. 'ऑकवर्डनेस'सारख्या शब्दाला बऱ्याच डिक्शनऱ्यांत स्वतंत्र नोंद नसते. 'ऑकवर्ड'च्या नोंदीच्या अगदी शेवटी, ठळक टायपात, अर्थ न देता तो छापलेला असतो. घाईत परीक्षकाला दिसत नाही आणि तो 'नाही' म्हणून मोकळा होतो. नोंदीच्या शेवटी बोट ठेवून "इथे बघा, सर" असं नम्रपणे सांगायची सवय लेकीला आत्ताच लावा.

आता साधनं. छापील डिक्शनरी पहिल्या अक्षरावर लावलेली, मधल्या अक्षरांसाठी ती उपयोगाची नाही. वनलुक या शब्द शोधायच्या साइटवर तारा (*) म्हणजे कितीही अक्षरं आणि प्रश्नचिन्ह म्हणजे एक अक्षर. पण तारा-क्यू-तारा-झेड-तारा असं टाकलंत तर क्यूनंतर झेड येणारेच शब्द मिळतात. 'क्वार्ट्झाइट' सापडेल, 'बेझीक' हा पत्त्यांचा खेळ सापडणार नाही, कारण त्यात झेड आधी येतो. उलटा क्रमही टाकायला विसरू नका. तीन अक्षरं असली तर सहा क्रम होतात.

त्यापेक्षा मला आवडते ती जुनी पद्धत. शब्दांची साधी यादी एक्सेलच्या एका कॉलममध्ये टाका आणि शेजारच्या कॉलममध्ये 'लेन' हा फॉर्म्युला लावून अक्षरसंख्या काढा. मग एका अक्षराचा फिल्टर लावा, उरलेले शब्द नव्या शीटवर कॉपी करून त्यांना दुसऱ्याचा, त्यातून उरलेल्यांना तसाच तिसऱ्याचा, आणि अक्षरसंख्येनं उतरत्या क्रमानं लावा. क्रमाची भानगडच राहत नाही. घरी मॅक असेल तर त्यात 'वर्ड्स' नावाची फाइल आधीपासून असते, सव्वादोन लाखांहून जास्त शब्दांची. ती 1934 च्या वेब्स्टर या अमेरिकन डिक्शनरीवरून केलेली आहे, त्यामुळे बरीच अनेकवचनं नाहीत आणि आज कुणी न वापरणारे शब्द भरपूर आहेत. तिच्यात सापडलेला प्रत्येक शब्द स्पर्धेच्या डिक्शनरीत पडताळूनच वहीत घ्या, आणि वहीत शब्दाशेजारी पान क्रमांकही लिहायला सांगा.