बंबलबी गोबींसोबत दोन फुटी टाकीत कोणते मासे ठेवावेत?

नागपुरातील आपल्या घरी दोन फुटांच्या टाकीत, निमखाऱ्या पाण्यात आठ बंबलबी गोबी आहेत, टाकी रिकामी वाटते आणि म्हणून त्यांच्यासोबत भांडण न करणारे मासे कोणते सोडावेत, असे आपण विचारले आहे. ‘भांडण न करणारे’ हे शब्द वाचून लिहायला बसलो, कारण माझे सहा गोबी अगदी भांडण न करणाऱ्या माशांच्या संगतीतच गेले.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे थोरले बंधू वीस वर्षांपासून मासे पाळतात आणि आमच्या घरात या विषयात त्यांचाच शब्द चालतो. एका रविवारी ते पाच काळ्या मोली पिशवीत घेऊन आले. “मोली शेवाळ खाऊन राहते, खारट पाण्यात तर ती आणखी खुलते. ती कोणाचे काय वाकडे करणार?” असे म्हणून त्यांनी त्या माझ्या टाकीत सोडल्या. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मोलींनी एकाही गोबीला चावा घेतला नाही, कोणाचा पंख फाटला नाही, पाठलागसुद्धा झाला नाही.

परंतु गोबी खातो कसा, हे आम्ही दोघांनीही नीट पाहिले नव्हते. हा जेमतेम दीड इंचाचा मासा पोटाखालच्या जुळलेल्या पंखांच्या चकतीने काचेला किंवा दगडाला चिकटून बसतो. अन्न पडले म्हणून तो धावत नाही. समोरचा कण हलला की आधी नुसते डोळे वळतात, मग अंग वळते आणि त्यानंतर एक छोटी झेप येते. तेवढ्या अवधीत मोलींनी वरचे, मधले आणि तळाचे सगळे चाटूनपुसून साफ केलेले असे. तिसऱ्या आठवड्यात गोबींची पोटे खपाटीला गेली, पिवळे पट्टे फिके पडले आणि पुढच्या बारा दिवसांत एकामागून एक सहाही गेले. पाणी तपासले तर त्यात दोष नव्हता.

“दुकानातला मालच कमजोर होता,” हा बंधूंचा निकाल. मी त्याच दुकानातून पुन्हा आठ गोबी आणले, टाकी तीच, मीठ तेच. फक्त मोली दुसरीकडे हलवल्या आणि रोज आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची, अंडी उबवून निघालेली पिल्ले सुई काढलेल्या सिरिंजने गोबींच्या तोंडापुढे सोडू लागलो. अडीच वर्षे झाली, आठांपैकी सात आजही आहेत. माल कमजोर असता तर हे घडले नसते, हे मी त्यांना अनेकदा सांगितले आहे आणि इथेही स्पष्टपणे लिहितो: सोबती निवडताना कोण चावतो हे पाहण्याआधी कोण किती वेगाने खातो हे पाहावे.

आता आपल्या टाकीविषयी. नाइट (Knight) गोबी नको. तो तीन इंचांच्या वर जातो आणि बंबलबीला गिळतो. फिगर एट पफर काहींच्या टाकीत गोबींसोबत राहतो, पण पंख कुरतडण्याची त्याची खोड मोठी आहे, त्यामुळे मी ते धाडस करणार नाही. ऑरेंज क्रोमाइड आपल्या दक्षिण भारताचा देखणा मासा आहे, मात्र जोडी अंड्यांवर बसली की दोन फुटांत इतरांना जागा उरत नाही. स्कॅट आणि मोनो दुकानात रुपयाएवढे दिसतात म्हणून मोहात पडू नये. स्कॅट एक फुटापर्यंत वाढतो.

माझ्या मते विचार करण्याजोगा एकच मासा आहे, तो म्हणजे काचमासा, अर्थात इंडियन ग्लासफिश. तो शांत, भित्रा आणि जिवंत खाद्यावर जगणारा आहे, शिवाय पाण्याच्या मधल्या थरात राहतो. चार-पाच एकत्र आणावेत, सौम्य खारेपणावर सावकाश रुळवावेत आणि त्यांना वर खाऊ घालतानाच गोबींना तळाशी सिरिंजने भरवावे. हिरवे-गुलाबी पट्टे असलेले मात्र आणू नयेत. तो रंग सुईने टोचून शरीरात भरलेला असतो, आणि ते विकत घेणे म्हणजे त्या क्रौर्याला पैसे देणे आहे.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. बंबलबी नावाने विकल्या जाणाऱ्या काही जाती गोड्या पाण्यातल्याही असतात आणि दुकानात त्या ओळखणे कठीण असते. म्हणून मी विशिष्ट गुरुत्व 1.005 च्या वर, म्हणजे लिटरमागे साधारण 8 ग्रॅम समुद्री मिठाच्या पुढे, कधीच जात नाही. आणि तळाशी भरवण्याची शिस्त पाळणाऱ्याकडे मोठ्या टाकीत मोलीही चालू शकतात, हे मला मान्य आहे. दोन फुटांत नाही.

शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि खोलीत कूलर चालू असतो. पाणी उडते, मीठ मागे उरते आणि खारेपणा नकळत चढत जातो. मी काचेवर मार्करने रेघ ओढून ठेवली आहे. पाणी त्या रेघेखाली दोन बोटे उतरले की रात्रभर बादलीत ठेवलेले नळाचे साधे पाणी हळूहळू भरतो, मिठाचे नाही.