वॉरंटीतला फोन, तरी सेंटरवाले पैसे मागतायत

प्रश्न: आईला घेतलेला फोन वर्षाच्या आतच बंद पडला, सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात आत पाणी गेलंय, वॉरंटी बसत नाही, नवा बोर्ड टाका. फोन पाण्यात कधीच पडलेला नाही. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: सगळ्यात आधी पैसे भरू नका, आणि फोन बाहेरच्या दुकानात उघडू तर अजिबात देऊ नका, एकदा तो उघडला की वॉरंटीचं भांडण तिथंच कमजोर पडतं. बऱ्याच फोनमध्ये सिम ट्रेच्या खाचेत एक छोटं पांढरं स्टिकर असतं, पाणी लागलं की ते लाल होतं. टॉर्च मारून बघा, पांढरंच असेल तर लगेच फोटो काढून ठेवा. सेंटरला सांगा की नकार का देताय ते जॉबशीटवर, म्हणजे फोन जमा करताना सेंटर देतं त्या कागदावर, लिहून द्या आणि आतल्या बोर्डचे फोटो पण द्या, तोंडी 'नाही होणार' ऐकून परत येऊ नका हो, बहुतेक लोक इथंच हरतात. जॉबशीटवरचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर, बिलाशी जुळवून घ्या.

मग कंपनीला ईमेल. दाद नाही दिली तर १९१५ ला फोन करा, ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथंही नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. फोनची किंमत ५ लाखांच्या आत म्हणजे फी शून्य, वकील लागतोच असं नाही, फक्त २ वर्षांच्या आत तक्रार करायला हवी. रिप्लेसमेंट मिळालाच तर नव्या आयएमईआयचा कागद मागून घ्या.