पंख मंद आचेवर शिजवताना

कोंबडीचे पंख प्रथमच शिजवणार असाल, तर धुतल्यावर ते फडक्याने अगदी कोरडे करा, कारण ओल्या कातडीला तेलात तांबूस रंग चढत नाही. अर्धा किलो पंख दोन्ही बाजूंनी परतल्यावर दोन चमचे सोया सॉस, ठेचलेले आले-लसूण, थोडा गूळ आणि ते जेमतेम अर्धे बुडतील एवढेच गरम पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर 25 ते 30 मिनिटे शिजू द्या. सोया सॉस मुळातच खारट असल्याने मीठ शेवटी, चव पाहूनच घाला. आम्ही मालवणकडचे लोक उतरवण्याआधी कोकमाची दोन सोले टाकतो. मला तीच चव सर्वांत प्रिय आहे. झाकण काढून रस आटवताना मात्र कढईपासून हलू नका: बुडबुडे मोठे आणि चिकट दिसू लागले, की गूळ करपायला वेळ लागत नाही.